गुपित नेमकं कोणापासून?

आमच्या सोसायटीने गेल्या वर्षी वॉचमन लोकांसाठी दोन वॉकीटॉकी घेतले. खोक्यावर ठसठशीत छापलं होतं : '38 प्रायव्हसी कोड'. लग्नसराईतल्या एका संध्याकाळी मी गेटवरच्या केबिनपाशी उभा होतो. तेवढ्यात सेट खरखरला आणि आवाज आला, "पुऱ्या संपत आल्यात, दुसऱ्या पंगतीला आधी जिलबी फिरवा." मागच्या गल्लीतल्या मंगल कार्यालयाचं मुदपाकखाना ते हॉल असं बोलणं थेट आमच्या केबिनमध्ये. वॉचमनकाकांना हसू आवरेना. मी म्हटलं, "काका, आपल्याला त्यांची जिलबी ऐकू येतेय, तर त्यांना आपलं काय काय ऐकू जात असेल?" काकांचं हसू थांबलं. दुपारीच त्यांनी याच सेटवरून मागच्या गेटला कळवलं होतं की, चौथ्या मजल्यावरची मंडळी आठ दिवस गावी गेलीत, दूधवाल्याला वर सोडू नका.

हा 'प्रायव्हसी कोड' म्हणजे बोलण्याखाली सोडलेला एक मंद सूर. तो जुळला तरच आपल्या सेटचा स्पीकर उघडतो, नाहीतर सेट गप्प राहतो. दुसऱ्यांची कटकट आपल्या कानावर येऊ नये एवढीच त्याची करामत. आपलं बोलणं मात्र उघड्यावरच जातं; ज्याने आपल्या सेटवर कोड लावलेलाच नाही, त्याला ते जसंच्या तसं ऐकू येतं. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराला कुणी डोळे मिटण्याच्या 38 तऱ्हा शिकवाव्यात, तसला हा प्रकार.

मे 2025मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने परवान्याची आणि फ्रिक्वेन्सीची नीट माहिती न देता वॉकीटॉकी विकले जातात म्हणून ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा काढल्या. दिवस तणावाचे होते, नोटिसा योग्यच होत्या. पण त्यानंतर या विषयावर जी चर्चा सुरू झाली, तिचा सगळा रोख एकाच बाजूला राहिला आहे : असली यंत्रं लोकांच्या हातात पडताच कामा नयेत, आणि रेडिओ यंत्रणांमधल्या उणिवांवर जाहीर बोलणारे संशोधक म्हणजे चोराला वाट दाखवणारे. माझं म्हणणं बरोबर उलट आहे. रेडिओच्या असुरक्षिततेचं मूळ ऐकणाऱ्याच्या हातातल्या डबीत नसून बोलणाऱ्याच्या यंत्रणेत असतं, आणि तिथले सर्वांत घातक दोष 'गुप्त ठेवलंय, म्हणजे सुरक्षित आहे' या समजुतीच्या आडोशानेच वर्षानुवर्षं जगतात. हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. युरोपात हा प्रयोग जवळजवळ तीस वर्षं चालला आणि त्याचा निकाल लागलेला आहे.

टेट्रा नावाची दुतर्फा रेडिओची एक पद्धत आहे. युरोपीय दूरसंचार मानके संस्थेने, म्हणजे एत्सीने, ती 1995च्या सुमारास प्रमाण म्हणून आणली. नेदरलँड्सचं सी2000, बेल्जियमचं अ‍ॅस्ट्रिड, ब्रिटनचं एअरवेव्ह ही पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिकांची जाळी याच पद्धतीवर उभी आहेत; शिवाय जगभरची बंदरं, विमानतळ, वीज कंपन्या, रेल्वे. आपल्याकडे दिल्ली आणि मुंबईच्या मेट्रोतही टेट्राच आहे. या पद्धतीत बोलणं कुलूपबंद करायचे चार प्रकार मूळचे होते, टीईए1 ते टीईए4. टीईए2 युरोपातल्या पोलिसांसाठी राखीव. टीईए1 कारखाने, वीज केंद्रं अशा व्यापारी वापरासाठी आणि निर्यातीसाठी. हे चारही गणिती नुस्खे गुप्त. गुप्ततेच्या करारावर सही केल्याशिवाय ते कुणालाही पाहता येत नसत, विकत घेणाऱ्यालाही नाही. 'मिडनाइट ब्लू' या डच संस्थेतल्या कार्लो मेइयर, वाउटर बोक्सलाग आणि योस वेट्झेल्स या तिघांनी बाजारात मिळणारा एक टेट्रा सेट घेतला, त्याच्या चिपच्या पोटात शिरून ते नुस्खे बाहेर काढले आणि पाहिलं. टीईए1ची किल्ली, म्हणजे कुलूप उघडणारा गुप्त आकडा, 80 बिटांची असं सगळीकडे सांगितलं जात होतं (बिट म्हणजे 0 किंवा 1; एक बिट वाढला की शक्य किल्ल्या दुप्पट). आत एक पायरी अशी निघाली की तिथे ती 80 बिटांची किल्ली दाबून 32 बिटांची केली जाते.

आकड्यांत बोलायचं तर 80 बिटांच्या शक्य किल्ल्या म्हणजे एकावर 24 शून्यं, त्याहून थोड्या जास्तच. 32 बिटांच्या किल्ल्या 429 कोटी. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण आजच्या साध्या संगणकाला त्या सगळ्या घालून बघायला मिनिटभरही लागत नाही. तिजोरी म्हणून जी वस्तू विकली, ती आतून पत्र्याचा गल्ला निघाली. आणि झिजून किंवा कुणाच्या नजरचुकीने तशी झालेली नव्हती. ती पायरी मुद्दाम बसवलेली होती.

एत्सीची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती पोकळ नाही. त्यांचं म्हणणं असं की याला चोरदरवाजा म्हणू नका. नव्वदच्या दशकात मजबूत सांकेतिकीकरण (एन्क्रिप्शन) निर्यात करण्यावर सरकारांचे कडक निर्बंध होते. शस्त्रास्त्रांसारखंच ते मोजलं जाई. बाहेर विकायचं तर ताकद कमी करावीच लागे. हे खरं आहे. त्या काळात ब्राउझरपासून मोबाइलपर्यंत सगळ्यांनीच हे केलं. मग आक्षेप कशाला? आक्षेप ताकद कमी केल्याला नाही. ती कमी केल्याचं ज्याने पैसे मोजले त्याला कधीच सांगितलं नाही, याला आहे. किराणा दुकानदाराने किलोचा भाव घेऊन तीनशे ऐंशी ग्रॅम दिले आणि वर सांगितलं की त्या काळी मालाची टंचाई होती, तर आपण काय म्हणू? टंचाई होती हे कबूल. पण काट्यावर कापड का टाकलं होतं? ते कापड म्हणजेच ही गुप्तता. नुस्खा उघडा असता तर कुठल्याही विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात विचारलं असतं की, बाकीचे 48 बिट गेले कुठे.

बरं, हे एकदाच घडलेलं नाही. मोबाइलवर इंटरनेट नुकतं येत होतं तेव्हाची जीईए-1 ही पद्धत घ्या. तीही एत्सीच्याच छत्राखालची, तीही गुप्त. 2021मध्ये युरोपातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की तिची 64 बिटांची म्हणवली जाणारी किल्ली प्रत्यक्षात 40 बिटांएवढीच ताकद देते, आणि असा योगायोग आपसूक घडणं जवळपास अशक्य आहे. त्याआधी 2020मध्ये 'क्रिप्टो एजी'चं प्रकरण बाहेर आलं. ही स्वित्झर्लंडची कंपनी दशकानुदशकं जगभरच्या सरकारांना संदेश गुप्त करायची यंत्रं विकत होती. तिची मालकी 1970पासून अमेरिकेची सीआयए आणि पश्चिम जर्मनीची बीएनडी या गुप्तचर संस्थांकडे होती, आणि ती यंत्रं त्यांना वाचता येतील अशी मुद्दाम कच्ची ठेवलेली होती. गिऱ्हाइकांच्या यादीत भारतही होता आणि पाकिस्तानही! दोघे एकमेकांपासून जे लपवत होते ते तिसरा निवांत वाचत होता. तेव्हा 'आतलं गणित गुप्त आहे' असं विक्रेता सांगतो, तेव्हा विचारायचा प्रश्न एकच : गुपित कोणापासून? शत्रूपासून, की गिऱ्हाइकापासून?

आता सर्वांत वजनदार आक्षेप. उणीव जाहीर केली की ती दुष्टांच्याही हाती पडते. मोबाइलला रात्रीतून अपडेट जातं. रेडिओचं तसं नाही. एकेक सेट गोळा करून, वायर लावून, नवीन सॉफ्टवेअर भरावं लागतं. पोलीस दलाचे हजारो सेट, त्यांचं आयुष्य पंधरा-वीस वर्षं, बजेट ठरलेलं. टीईए1चं तर अपडेटनेही भागत नाही, नुस्खाच बदलावा लागतो. म्हणजे जाहीर केल्यानंतर कित्येक वर्षं ती दारं उघडीच राहणार. अशा वेळी तोंड बंद ठेवणं हाच शहाणपणा नाही का? हा युक्तिवाद करणारे मूर्ख नाहीत. प्रत्यक्ष यंत्रणा चालवणारी माणसं हे बोलतात, आणि त्यांची रात्रपाळी संशोधकाला करावी लागत नाही.

पण मेइयर आणि मंडळींनी काय केलं ते पाहा. त्यांनी आधी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राला कळवलं, आणि मग जवळजवळ दीड वर्ष गप्प राहिले. तेवढ्या काळात उत्पादकांना, पोलिसांना, गुप्तचर खात्यांना निरोप गेले. जाहीर वाच्यता झाली जुलै 2023मध्ये. शिवाय हा दोष ठेवणाऱ्यांना तो पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. गुप्ततेच्या करारावर सही केलेल्यांना पाहता येत होता. ज्या देशांकडे प्रयोगशाळा, पैसा आणि चिकाटी आहे त्यांना तो शोधायला तीन डच तरुणांपेक्षा जास्त वेळ लागला असेल असं समजायचं काही कारण नाही. ज्यांना माहीत नव्हतं ते म्हणजे त्या सेटवर रोज बोलणारे ऑपरेटर आणि ते विकत घेणारे खरेदी अधिकारी. मौनाचा फायदा कुणाला मिळत होता हे यावरून मोजावं.

याच नेदरलँड्समध्ये हा वाद न्यायालयातही जाऊन आला आहे. 2008 साली नायमेखनच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी मायफेअर क्लासिक या चिपमधलं गुप्त गणित उलगडलं. ही चिप लंडनच्या बस-मेट्रोच्या ऑयस्टर कार्डात होती, डच वाहतूक कार्डात होती, कचेऱ्यांच्या दारांवर होती. चिप बनवणाऱ्या एनएक्सपी कंपनीने प्रबंध छापू नये म्हणून दावा लावला. आर्नहेमच्या न्यायालयाने तो फेटाळला. न्यायालयाच्या म्हणण्याचा गाभा असा की, कंपनीचं नुकसान लेखामुळे होत नाही, दोष असलेली चिप बनवून विकल्यामुळे होतं. रेडिओवाल्यांनी हा निकाल तेव्हाच वाचायला हवा होता. तो वाचला असता तर पंधरा वर्षं वाचली असती. टेट्राचे नुस्खे खुले करायचा निर्णय एत्सीने जाहीर केला तो नोव्हेंबर 2023मध्ये, बोभाटा झाल्यावर.

'गुप्तता हा एक जादाचा थर आहे, तो का काढता?' असंही विचारलं जातं. जादाचा थर म्हणून माझी हरकत नाही. कुठल्या दिवशी कुठलं चॅनेल, कुठल्या तुकडीला कुठलं नाव, किल्ल्या कुठल्या तिजोरीत हे जरूर झाकावं. पण जादाचा थर कधी म्हणतात? तो निघाला तरी खालचा थर टिकतो तेव्हा. टीईए1मध्ये वरचा पापुद्रा निघाला आणि खाली भिंतच नव्हती. शाळेत आपण 'च'ची भाषा बोलायचो. आईला कळू नये म्हणून. तिची सगळी मदार पद्धत माहीत नसण्यावर; आईने मनावर घेतलं की दोन दिवसांत गारद. याउलट कुलूप कसं चालतं हे अख्ख्या गावाला माहीत असतं, लोहारालाही आणि चोरालाही, तरी प्रत्येकाची किल्ली वेगळी असल्यामुळे ते टिकतं. हा फरक 1883 सालीच ऑग्युस्त केर्कहॉफ्स या गृहस्थाने लष्करी मासिकात लिहून ठेवला होता : पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. गंमत म्हणजे पॅरिसमध्ये शिकवणारा हा भाषांचा प्राध्यापक जन्माने डच होता. आज तुमचे बँकेचे व्यवहार ज्या एईएसने झाकले जातात, ती पद्धत 1997मध्ये लावलेल्या जाहीर स्पर्धेतून निवडली गेली. जगभरच्या तज्ज्ञांनी एकमेकांच्या रचनांवर तीन वर्षं घण घातले आणि दोन बेल्जियन तरुणांची रचना टिकली. 2001मध्ये ती प्रमाण ठरली. पहिल्यापासून ती उघड्यावर आहे, कुणीही वाचावी. अजून उभी आहे.

पोलीस खात्यातल्या एका परिचिताने मला वेगळंच सुनावलं. म्हणाले, "तुम्ही लोक बिटा मोजत बसा. बंदोबस्तात सेट लागला नाही तर माणूस मरतो. कुलूप जितकं मोठं, तितका दार उघडायला उशीर." हे मात्र मला मान्य करावंच लागतं. ऑगस्ट 1914मध्ये टॅनेनबर्गच्या लढाईआधी रशियन सैन्याने आपले हुकूम बिनतारी यंत्रावरून उघड शब्दांत पाठवले, कारण संकेतांच्या किल्ल्या सगळ्या तुकड्यांकडे सारख्या नव्हत्या आणि निरोप तर गेलाच पाहिजे होता. जर्मनांनी ते ऐकले, सॅमसोनोव्हची फौज घेरली गेली आणि त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. याच चुकीची शंभर वर्षांनंतरची आवृत्ती मॅट ब्लेझ आणि त्यांच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी 2011मध्ये मांडली. अमेरिकेतल्या प्रोजेक्ट 25 या रेडिओंवर तिथल्या केंद्रीय यंत्रणांचं अतिशय नाजूक बोलणं, कुणाचा पाठलाग चाललाय, खबरी कोण, हे सर्रास उघड्यावर चाललेलं त्यांना ऐकू आलं. सांकेतिकीकरण सेटमध्ये होतं. पण ते चालू-बंद करायच्या बटणावरची खूण अशी की एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला रेघ मारलेला गोल. घाईत कोणाला कळावं की चालू कुठली? किल्ल्यांची मुदत संपायची, पथकातल्या एकाकडे नवी किल्ली नसायची, मग त्याच्यासाठी सगळेच उघड्यावर यायचे. त्याच अभ्यासात लहान मुलींसाठी विकलं जाणारं तीसेक डॉलरचं, गुलाबी रंगाचं, मेसेज पाठवायचं खेळणं वापरून त्यांनी हा महागडा डिजिटल संवाद जाम करून दाखवला.

तर माझ्या परिचितांचं निदान बरोबर, उपाय चुकीचा. यंत्र वापरायला अवघड असेल तर ते सोपं करा. 'नकोच ते' म्हणणं म्हणजे दाराला बिजागऱ्या करकरतात म्हणून दारच काढून ठेवणं. उघड्या संवादाची किंमत काय असते हे मुंबईने 26/11ला पाहिलं आहे. तेव्हा पाकिस्तानातले सूत्रधार टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण बघून हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते. 2012च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले, आणि 2015मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर नियमानेच बंदी आली. जो देश कॅमेऱ्याचं थेट प्रक्षेपण बंद करतो, त्याने बिनतारी संचावरचं थेट प्रक्षेपण चालू ठेवायचं? कॅमेरा निदान रस्त्याच्या पलीकडून बघतो. संच तर पुढची चाल पोलिसांच्याच तोंडून सांगतो. 1995 साली डिजिटल रेडिओ ऐकायला महागडी यंत्रं लागत. साधारण 2012पासून टीव्ही बघायची पेन ड्राइव्हएवढी एक डोंगल आणि लॅपटॉप पुरतो. त्या डोंगलवर बंदी घालून कुठे कुठे पुरे पडणार?

शिवाय नुसत्या ऐकण्यानेच सगळं संपत नाही, हा मुद्दा तर आपल्या चर्चेत येतच नाही. ऑगस्ट 2023मध्ये पोलंडच्या श्चेचिन शहराच्या परिसरात वीसेक रेल्वेगाड्या अचानक जागच्या जागी थांबल्या. कुणीतरी रेडिओवरून 'थांबा'चा ठरलेला इशारा पाठवला होता. मधूनच रशियाचं राष्ट्रगीतही वाजवलं. तो इशारा म्हणजे तीन सूर एकामागोमाग. संकटात कुणीही गाडी थांबवू शकावं म्हणून तो मुद्दाम सोपा ठेवलेला होता, आणि कोण पाठवतंय हे तपासायची सोयच नव्हती. त्याच दिवसांत पोलंडमध्ये अशाच प्रकारांबद्दल दोघांना अटकही झाली. तिथे झाकण्यासारखं काही नव्हतंच. तिथे पाहिजे होती ती सही : हा आवाज आपल्याच माणसाचा आहे याची खूण. 'गुप्त ठेवा' असं ओरडणाऱ्यांना ही अडचण दिसतच नाही, कारण त्यांना सुरक्षितता म्हणजे फक्त पडदा वाटतो.

पुन्हा टेट्राकडे. 2023नंतर सल्ला दिला गेला की ज्यांचं काम नाजूक आहे त्यांनी वरून आणखी एक कुलूप लावावं, या टोकापासून त्या टोकापर्यंतचं. ऑगस्ट 2025मध्ये त्याच डच मंडळींनी अशा एका कुलपाची फोड केली. 128 बिटांची किल्ली, आणि आत शिरल्यावर? 56 बिट. 56 बिटांची डीईएस ही सांकेतिकीकरणाची जुनी पद्धत 1998 सालीच अडीच लाख डॉलरहून कमी खर्चाच्या यंत्राने तीन दिवसांच्या आत फुटली होती. हे कुलूप कुठल्या कुठल्या गिऱ्हाइकांना कमी ताकदीचं दिलं गेलं, आणि त्यांना तसं सांगितलं होतं का, हा प्रश्न पुन्हा तसाच.

म्हणून माझी मागणी बाजारातल्या डब्यांबद्दल नाही, टेंडरच्या कागदाबद्दल आहे. मेट्रो असो, बंदर असो, पोलिसांचा बिनतारी विभाग असो, सेट विकत घेताना दोन ओळी लिहून घ्याव्यात : सांकेतिकीकरणाची पद्धत जाहीर आणि तपासलेली असेल, आणि किल्लीची प्रत्यक्ष ताकद किती बिटांची हे विक्रेता सहीनिशी सांगेल. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो. इथे शेकडो कोटींच्या यंत्रणेत कुणी हे विचारत नाही, कारण 'ते गोपनीय आहे' एवढ्या उत्तरावर समोरचा उठून उभा राहतो. सगळं शंभर टक्के झाकावं असंही माझं म्हणणं नाही. वाहतुकीच्या कोंडीचे निरोप उघडे राहिले तर बिघडत नाही. फक्त काय उघडं आहे हे बोलणाऱ्याला माहीत हवं.

आमच्या गेटवर काय झालं ते सांगायचं राहिलं. मी एवढं समजावल्यावर काकांनी आपला बंदोबस्त केला. सुपरवायझरला बोलवायचं असेल तर 'चहा पाठवा' म्हणायचं, अनोळखी माणूस आला तर 'बिस्किटं पण पाठवा'. सेट बदलायला कमिटीने नकार दिला होता, त्यामुळे हाच उपाय. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी बटण दाबून सांगितलं, "गेट नंबर एकला चहा पाठवा, बिस्किटं पण पाठवा." सेट खरखरला आणि मंगल कार्यालयाच्या मुदपाकखान्यातून आवाज आला, "काय हो, आज पण कुणी नवीन पाहुणा आलाय का गेटवर?"